एका रात्रीचा मुक्काम

मराठी माणसाच्या पत्रावर नावाच्या खाली जो पहिला शब्द येतो तो ‘मुक्काम’. मु. पो. दिंडोरी, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक. ज्याचे खापरपणजोबा त्याच वाड्यात जन्मले आणि त्याच गावच्या नदीकाठी ज्यांची राख झाली, अशा माणसाच्या पत्त्यातही हा शब्द असतोच. सात पिढ्या एका उंबरठ्याच्या आत काढूनही आमचा समाज त्या वास्तव्यास ‘मुक्काम’च म्हणतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. उलट, हल्ली शनिवारी दुपारी मोटारीत सामान टाकून जो गृहस्थ सहकुटुंब बाहेर पडतो आणि रविवारी रात्री परततो, त्याच्या तोंडी हा शब्द सापडावयाचा नाही. तो ‘स्टे’ करितो. शब्द बदलला म्हणजे वस्तूही बदलतेच असे नव्हे. परंतु येथे ती बदलली आहे असे आम्हांस वाटते, आणि ती किती व कशी बदलली हे पाहण्याकरिताच आजचा हा लेखप्रपंच.

शहरात राहणाऱ्या मनुष्यास अधूनमधून एक रात्र शहराबाहेर काढावीशी वाटावी, यात नवे काही नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी रोममध्ये धाकटा प्लिनी नावाचा एक वकील होऊन गेला. लॉरेंटम येथील आपल्या समुद्रकाठच्या घराविषयी त्याने एका मित्रास लिहिलेले लांबलचक पत्र आजही वाचावयास मिळते. ते घर रोमपासून सतरा मैलांवर होते. दिवसाचे सारे काम उरकून, त्यात काही उणे न ठेविता, रात्रीच्या मुक्कामास तेथे पोहोचता येते, हा त्या घराचा पहिला गुण म्हणून तो सांगतो. रोमन मैल आपल्या दीड किलोमीटराच्या किंचित आतला. हिशेब केला असता पंचवीस किलोमीटर भरतात. आणि नाशिकहून दिंडोरी जवळजवळ तितक्याच अंतरावर आहे. घोड्यांच्या युगातील रोमन गृहस्थास जे अंतर सोयीचे वाटले, तेच मोटारीच्या युगातील नाशिककरासही वाटावे, ही गंमत आहे खरी. काम मागे पडल्यासारखे वाटावे इतके ते लांब असते, आणि बोलावणे आले तर परतता यावे इतके जवळ असते. पेशवाईत रघुनाथरावांनी आनंदवल्लीस वाडा बांधला तेव्हा ती जागाही अशीच नाशिकच्या बाहेर होती. आज आनंदवल्ली हा शहरातील एक गजबजलेला भाग आहे. शहर वाढत जाते आणि विसाव्याच्या जागा एकेक करून गिळत जाते. म्हणून विसावा शोधणाऱ्यास दर पिढीस थोडे पुढे सरकावे लागते.

नाशिकच्या माणसास या बाबतीत देवाने काही कमी केलेले नाही. पश्चिमेस त्र्यंबक आहे. दक्षिणेस भंडारदरा आहे; तेथील विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तेथील झाडे काजव्यांनी भरून जातात, ती पाहावयास माणसे मुद्दाम रात्रीची राहतात. उत्तरेचा रस्ता धरिला की प्रथम दिंडोरी, मग वणी, मग एकीकडे सप्तशृंगीचा गड व दुसरीकडे गुजरातच्या हद्दीतील सापुतारा. मुंबईकरांनीही हा मुलूख आता आपला मानिला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटातील खोळंबा टाळून राजधानीतील कुटुंबे शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणास द्राक्षांच्या मळ्यात येऊन बसू शकतात.

परंतु रस्ता जसजसा वेगवान होतो तसतशी रात्र कमी होते, हा एक चमत्कारिक अनुभव आहे. सप्तशृंगीच्या गडाचेच पाहा. पूर्वी गडावर जाणारा माणूस वणीस किंवा नांदुरीस विसावा घेई, चढून जाई, दर्शन घेई आणि धर्मशाळेत पडून सकाळी उतरे. पुढे गडावर मोटारीचा रस्ता झाला. २०१८ साली पायऱ्यांच्या शेजारून रुळांवरची गाडी सुरू झाली, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची मोठी सोय झाली. त्या सोयीबद्दल कोणी कुरकुर करील तर तो कृतघ्न म्हणावा लागेल. ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांनीच त्या गाडीविषयी मत द्यावे. तथापि, आमच्या एका वृद्ध आत्याबाई एकाच दिवसात जाऊन येऊन घरी परतल्या तेव्हा म्हणाल्या, “दर्शन छान झालं रे, पण गडावर गेल्यासारखं नाही वाटलं.” गडावरील पहाटेचा वारा, दिवेलागणीच्या वेळी खालच्या वाड्यावस्त्यांतून लुकलुकू लागणारे दिवे, शेजारच्या अनोळखी बाईने दिलेली चटणी, या साऱ्यास त्या ‘गड’ म्हणत होत्या, आणि हे सारे रात्रीच्या पोटात होते.

दिंडोरीच्या या मुलखाशी रात्रीच्या मुक्कामाचा संबंध तर फारच जुना आहे. पेठ रस्त्यावर, नाशिकपासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर, आशेवाडीच्या माथ्यावर जो डोंगरी किल्ला दिसतो त्याचे नावच मुळी रामशेज. वनवासात रामचंद्रांनी येथे शेज केली, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणजे नाशिकहून निघून जवळच एक रात्र बाहेर काढण्याच्या पद्धतीचा मूळपुरुष शोधावयाचा तर तो येथपर्यंत जातो! याच किल्ल्याखाली १६८२ साली औरंगजेबाची फौज येऊन बसली. किल्ला लहान, आतील लोक थोडे. मोगल सरदारांस वाटले असेल की, चार दिवसांचा मुक्काम आहे. शहाबुद्दीनखानाने किल्ल्याच्या उंचीशी बरोबरी करण्याकरिता लाकडी दमदमासुद्धा उभारिला. तो मुक्काम पाच वर्षांहून अधिक लांबला. तत्पूर्वी, १६७० च्या ऑक्टोबरात, सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची वाट दाऊदखानाच्या फौजेने याच वणी-दिंडोरीच्या टापूत अडविली, आणि येथेच मोठी लढाई होऊन मराठ्यांनी वाट मोकळी करून घेतली. आज त्या शेतांतून द्राक्षांचे मांडव पसरले आहेत. एका नामांकित तांबड्या वाइनच्या बाटलीवर ‘दिंडोरी’ हे नाव छापलेले असते, आणि ते वाचणाऱ्या पुष्कळांस हे एका तालुक्याचे नाव आहे याचा पत्ताही नसेल.

आणखी एक मुक्काम येथे रोज होतो. त्याची गणना कोणी सहलीत करीत नाही. तो म्हणजे वस्तीच्या गाडीचा. संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून एस. टी. ची शेवटची गाडी आडगावी जाते, रात्रभर तेथेच उभी राहते, आणि पहाटे दूधवाले, शाळेची मुले व बाजारकरी यांस घेऊन परतते. चालक आणि वाहक गाडीतच किंवा देवळाच्या ओवरीवर पथारी टाकतात. गावातले कोणी तरी त्यांस चहा आणून देते. मराठीत ‘वस्ती’ या शब्दाला एका रात्रीचे राहणे असाही अर्थ आहे आणि माणसांची आळी असाही आहे. एक रात्र राहिलेला माणूस तेवढ्यापुरता त्या आळीतला होतो, असे ज्यांनी हा शब्द घडविला त्यांस वाटत असावे.

आता आमच्या स्वतःच्या एका वस्तीची हकीकत सांगितली पाहिजे. कारण वरील सारा विचार आम्हांस तेथे सुचला.

गेल्या जानेवारीत आम्ही सहकुटुंब दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका मळ्यात एक रात्र राहिलो. मळ्याचे मालक आमच्या वडील बंधूंचे वसतिगृहातील सोबती. त्यांस सारेच नाना म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. पाच एकर द्राक्षबाग, थोडा कांदा, एक शेततळे, दोन गाई. घरात नानांची आई, पत्नी आणि बारावीत शिकणारा मुलगा. आमचा बेत साधा होता. दुपारी बाग पाहावी, संध्याकाळी बांधावर बसावे, रात्री पिठलेभाकरी खावी आणि शहरात न मिळणारी शांत झोप घ्यावी.

दुपार आमच्या बेताप्रमाणे पार पडली. घड भरत आले होते. मण्यांत पाणी उतरून गोडी चढू लागण्याचे ते दिवस. नानांनी आमच्या मुलीस बागेचे वर्ष समजावून सांगितले. एप्रिलात एकदा सारी बाग खरडून छाटावयाची, म्हणजे फळ धरणाऱ्या काड्या तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा छाटावयाची, म्हणजे त्या काड्यांवर घड येतात. “म्हणजे दोनदा कापायचं आणि एकदाच खायचं?” असे तिने विचारिले. नाना हसून म्हणाले, “बरोब्बर. आणि खाणारा तिसराच!”

संध्याकाळी वारा पडला. आकाश इतके स्वच्छ झाले की, आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा तरी “काय सुरेख!” म्हटले. नाना मात्र त्या सुरेख आकाशाकडे पाहून गप्प झाले. आम्हांस ज्या आकाशात चांदण्या दिसत होत्या त्यात त्यांस थंडी दिसत होती. ढग नसले, वारा नसला की पहाटे पारा फार खाली उतरतो. मग भरत आलेल्या मण्यांस तडे जातात. आणि तडा गेलेला मणी एकटा जात नाही, शेजारचे चार घेऊन जातो. व्यापारी तसल्या मालाकडे पाहतही नाही. एका पहाटेच्या थंडीत वर्षाची छाटणी, औषधे, मजुरी आणि सोसायटीचे कर्ज हे सारे पणाला लागते.

रात्री अकराच्या सुमारास आम्ही अंथरुणावर पडलो. एकच्या पुढे कधी तरी मोटरीच्या घरघरीने जाग आली. त्या आठवड्यात त्या भागास शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. म्हणून ते पहाटेच्या आत बागेस द्यावयाचे, म्हणजे मुळांशी ऊब राहते. दार उघडून पाहिले तो बागेच्या ओळींतून ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या. छाटणीच्या वाळक्या काड्या व ओलसर पालापाचोळा यांचा धूर मांडवाखाली गोधडीसारखा पसरला होता. नाना, त्यांचा मुलगा आणि मजुरांच्या टोळीतील पाचसहा माणसे एका शेकोटीकडून दुसरीकडे जात होती. ही माणसे सुरगाणा-पेठकडची. पावसाळ्यात ती आपल्या डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवितात. पावसाळा सरला की बायकामुलांसह दिंडोरी-निफाडच्या बागांत कामास येतात आणि बांधाच्या कडेस पाल ठोकून महिनेच्या महिने राहतात. आमचा एका रात्रीचा मुक्काम आणि त्यांचा हा मुक्काम, दोन्ही एकाच बांधावर होते. त्यांच्यातली एक बाई तान्हे मूल पाठीशी बांधून काड्या पुरवीत होती.

आम्ही शाल गुंडाळून पुढे झालो. नाना म्हणाले, “भाऊ, तुम्ही झोपा. आमचं हे रोजचंच आहे.” आम्ही म्हटले, “झोप गेलीच आहे, काड्या तरी टाकू द्या.” मग त्यांनी आम्हांस एक ओळ नेमून दिली. चारपर्यंत आम्ही ती सांभाळिली. फार मोठे काम केले अशातला भाग नाही. नानांच्या मुलाने आमची ओळ दोनदा येऊन सारखी केली, हे आम्हांस दिसत होते. परंतु जे पाहण्यासाठी आम्ही शहराबाहेर पडलो होतो ते पाहावयास आम्ही दिवसभर चुकीच्या वेळी जागे होतो की काय, असे त्या धुरात उभे असताना वाटून गेले. आलेला पाहुणा जी वेळ विसाव्याची समजतो, तीच वेळ त्या मुलखाच्या श्रमाची असते. उजेडात बाग दिसते. बाग कशावर उभी आहे ते अंधारात दिसते.

शेकोटीपाशी नानांनी मनातली गोष्ट काढिली. रस्त्याकडेची एक एकर बाग जुनी झाली आहे. ती तोडून तेथे पुन्हा वेल लावावे, की पाहुण्यांकरिता खोल्या बांधाव्या? राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यापासून तालुक्यात अशा खोल्या होऊ लागल्या आहेत. पोरगा हुशार आहे, त्याच्या शिक्षणास पैसा लागेल. “वेलाचा पैसा आभाळाच्या मर्जीवर. शनिवार काही चुकत नाही,” ते म्हणाले, “तुम्ही शहरातले. तुम्हीच सांगा, एका रात्रीची माणसं बारा महिने येतील का?”

या प्रश्नाने आम्ही पेचात पडलो. आमच्या डोळ्यांस तो मळा तसाच राहावा, असे वाटत होते. परंतु ज्याच्या मानेवर कर्ज नाही त्याने दुसऱ्याच्या वेलांविषयी हळवे होणे सोपे असते. सकाळी चहाच्या वेळी हा विषय घरात निघाला. नानांच्या मातोश्री फटकन म्हणाल्या, “पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे? माझ्या जिवंतपणी नको.” हे ऐकून आमचा ऊर भरून आला, आमची जुनी संस्कृती बोलत आहे, असे वाटले. तोच चुलीपुढून नानांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, “आत्याबाई, फुकट जेवणारा पाहुणा बिचारा भीत भीत दुसरी भाकरी मागतो. पैसे देणारा हक्कानं मागंल. आणि भाकरी थापणारीच्या हातालाही चार पैसे लागतील. आजवर पुण्य घरादाराला लागलं, हात माझेच भाजले.”

त्यावर कोणी काही बोलले नाही. आदरातिथ्याच्या थोरवीवर आम्ही शाळेपासून निबंध लिहीत आलो. त्या निबंधांत भाकरी आपोआप ताटात येते. प्लिनीने आपल्या घराच्या वर्णनात नोकरांच्या राहण्याच्या जागेचाही उल्लेख केला आहे, आणि ती पाहुण्यांसही चालेल इतकी नीटनेटकी आहे असे कौतुकाने लिहिले आहे. परंतु त्या जागेत राहणाऱ्या एकाही माणसाचे नाव त्या पत्रात आढळत नाही. आमच्या जुन्या संस्कृतीच्या पत्रातही अशी नावे पुष्कळदा सुटली आहेत. पैसे देऊन राहणे हलके आणि स्नेहाने राहणे उच्च, हा जो भेद आम्ही मनाशी करून गेलो होतो, तो त्या माउलीच्या एका वाक्यापुढे टिकला नाही. पैसे दिल्याने मुक्कामाचा ‘स्टे’ होत नाही. पैसे दिले म्हणजे पलीकडच्या माणसाशी असलेला संबंध संपला, असे मानल्याने तो होतो.

प्लिनीच्याच देशाने या बाबतीत अलीकडे एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. इटलीत १९८५ साली शेतावरील पाहुणचाराविषयी कायदा झाला. शेतकऱ्याने पाहुणे जरूर ठेवावे, परंतु शेती हा मुख्य धंदा राहून पाहुणचार तिला पूरक असला पाहिजे, असे त्या कायद्याचे सूत्र आहे. शेती नाहीशी झाली आणि खोल्या तेवढ्या राहिल्या तर त्यांस शेतघर म्हणता येणार नाही. आमच्याकडे काही ठिकाणी वेलांचे चार मांडव केवळ खिडकीतून दिसावेत म्हणून राखलेले आम्ही पाहिले आहेत. तेथे पहाटे कोणी शेकोटी पेटवीत नाही, कारण तेथील घडांवर कोणाचे पोट नसते. तेथे गादी मऊ असते, स्नानास ऊन पाणी असते; तक्रारीस जागा नसते. तेथून परतलेल्या माणसास मात्र आपण दिंडोरीस होतो की लोणावळ्यास, हे आठवडाभराने सांगता येत नाही.

आम्ही नानांस जे सांगितले ते असे. चार एकर राखा, नवे वेल लावण्यापुरती जागा त्या जुन्या एकरातही ठेवा, आणि दोनच खोल्या बांधा. एक वर्ष चालवून पाहा. बारा महिने माणसे येतील असे समजू नका. पावसाळ्यात आणि द्राक्षांच्या दिवसांत येतील, मे महिन्यात फिरकणार नाहीत. जेवणाचे पैसे वेगळे लावा आणि ते वहिनींच्या नावे जमा करा. हे शेवटचे वाक्य आम्ही जरा मोठ्याने म्हटले. मातोश्रींनी मान वळविली, पण विरोध केला नाही.

हिशेब असा कागदावर उतरला तरी ती रात्र नानांनी जिंकली होती असे नव्हे. सकाळी ओळीओळीने फिरून पाहिले तेव्हा ओढ्याकडील सखल तुकड्यात तडे गेलेले घड सापडलेच. थंडी पाण्यासारखी सखलाकडे वाहते, असे नाना म्हणाले. उरलेला माल वाचला होता. आणखी सात-आठ पहाटा काढावयाच्या होत्या. आमच्या मुलीने तडकलेला एक मणी तोंडात टाकिला आणि “गोडच तर आहे,” असे म्हटले. “गोड आहे म्हणूनच तडकला,” असे उत्तर तिला मिळाले.

वाचकांपैकी पुष्कळांची शनिवारची मोटार याच रस्त्याने जाईल, म्हणून दोन शब्द त्यांच्याकरिता. अवश्य जावे, आणि गेल्यावर रात्र राहावे. दिवसा जाऊन दिवसा येण्याने पाय मोकळे होतात; मुलूख भेटत नाही. मोठे घर न पाहता कामाचे घर पाहावे. मुलांस चांदण्या दाखवाव्यात, आणि त्याच चांदण्यांस भिऊन कोण जागे आहे तेही दाखवावे. जमल्यास दोनच्या सुमारास एकदा उठावे. आणि निघताना पैसे मोजून, वेळेवर, घासाघीस न करता द्यावेत. आमंत्रण मात्र फुकट द्यावे. कारण नाशिकात किंवा मुंबईत एक रात्र काढावयाचे काम त्यांसही पडते. इस्पितळाकरिता, परीक्षेकरिता, कोर्टाकरिता पडते. त्या वेळी आमच्या दिवाणखान्यात त्यांची वस्ती होते का, यावरून आमचा तेथील मुक्काम खरा की खोटा हे ठरेल.

नानांच्या दोन खोल्यांचा पाया या उन्हाळ्यात खणला जावयाचा आहे. आम्ही सुचविले होते की, खिडक्या बागेच्या बाजूस ठेवाव्या. वहिनींचे म्हणणे पडले की, तिकडून जानेवारीत धूर येईल, पाहुणे कंटाळतील. बराच खल झाल्यावर खिडकी बागेकडेच ठेवावयाची, परंतु तिला घट्ट बसणारे दार करावयाचे, असे ठरले. ते उघडावे की नाही, हे पाहुण्याने ठरवावयाचे आहे.